मार्टिन टार्पीचं वय

टार्पी आपणहून मरत नाहीत, त्यांना कशाने तरी मारावं लागतं, असं क्लूनगारा गावात म्हणत. म्हणजे टार्पी म्हणत, आणि बाकीचे ऐकून घेत. ऐकून घ्यायला कारणही होतं. चर्चमागच्या दफनभूमीत, भिंतीला लागून असलेल्या करड्या दगडावर कोरलेलं होतं: मार्टिन टार्पी, मृत्यू फेब्रुवारी १९४१, वय वर्षे १०४. दगडाशी वाद कोण घालणार?

मार्टिननंतर घरात कुणी शंभरी गाठली नव्हती, पण तो दोष रक्ताचा नव्हता. थोरला मुलगा टॉम, लग्न न केलेला, एकसष्टाव्या वर्षी गवताच्या गंजीवरून पडला. मधला मायकेल अठ्ठावन्नाव्या वर्षी बर्मिंगहॅममध्ये गेला. त्याला इंग्लंडने मारलं. धाकटा लॅरी एकोणऐंशीव्या वर्षी गेला. त्याला तंबाखूच्या पाइपने मारलं. 'नाहीतर आज असते,' असं लॅरीचा मुलगा डिनी सांगे. लॅरी आज असता तर एकशे दहा वर्षांचा असता, याची डिनीला काही अडचण वाटत नसे.

डिनी टार्पी स्वतः एकोणसत्तर वर्षांचा होता, आणि हाच घरातल्या सगळ्या भानगडींचा मूळ मुद्दा होता. त्याचा मुलगा एन्डा अडतीस वर्षांचा. पहाटे गोठ्यात एन्डा जाई, कुंपणं एन्डा बांधी, गुरांच्या हिवाळ्यासाठी मुरघास एन्डा भरी. पण कुठला गोऱ्हा बाजारात न्यायचा आणि कुठला ठेवायचा हे डिनी ठरवी, आणि जमीन डिनीच्या नावावर होती. बायको ग्रॉन्या आणि दोन मुलींना घेऊन एन्डा सात वर्षं गोठ्यामागच्या पत्र्याच्या फिरत्या घरात राहत होता. घर नावाला फिरतं. चाकं केव्हाच चिखलात रुतली होती. जमीन नावावर नाही म्हणून पक्कं घर बांधता येत नव्हतं, आणि जमीन नावावर कधी होणार हे विचारलं की डिनीचं गणित ठरलेलं होतं.

"माझी अजून पस्तीस वर्षं आहेत. घाई कसली?"

"तेव्हा मी त्र्याहत्तरचा असेन, बाबा," एन्डा एकदा म्हणाला होता.

"मग? तरणाताठा असशील. मार्टिन आजोबांनी नव्वदीपर्यंत नांगर सोडला नव्हता."

यावर एन्डा बाहेर जाऊन कुंपणाचा एक खांब गरजेपेक्षा फूटभर जास्त खोल ठोकून आला.

रस्त्याच्या पलीकडच्या बैठ्या घरात डिनीची धाकटी बहीण फिलोमिना राहायची. गावात तिला फिलच म्हणत, पण तोंडावर म्हणणारे थोडे. चौतीस वर्षं ती क्लूनगाराची पोस्टमास्तरीण होती. दर शुक्रवारी जाळीमागे बसून तिने गावातल्या म्हाताऱ्यांना पेन्शन दिली, आणि जन्मतारखेच्या बाबतीत तिने सख्ख्यांनाही सूट दिली नाही. नॅन्सी गॅव्हिगन एकदा पात्र व्हायच्या आदल्या दिवशी, भर पावसात तीन मैल चालत आली होती. फिलने तिला तशीच परत पाठवलं. नॅन्सी पुढच्या शुक्रवारी आली, पण मरेपर्यंत फिलकडे बघून हसली म्हणून नाही. पुढे सरकारने पोस्टच बंद केलं, फिल निवृत्त झाली, आणि तारखा तपासायची सवय मात्र हाताशी मोकळी राहिली.

त्या वर्षी, २०१३ साली, परदेशी गेलेल्या सगळ्या लेकरांना घरी बोलवायची देशभर टूम निघाली होती. फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियातल्या जीलॉन्गहून पत्र आलं. मार्टिनची मुलगी डीलिया १९१० साली तिकडे गेली होती. तिची नात मार्लीन जूनमध्ये अकरा जणांना घेऊन येणार होती. मार्लीनने लिहिलं होतं, 'आमच्यासाठी घराण्याची वंशावळ काढून ठेवाल का? आणि आजी कुठल्या शेतात खेळली तेही दाखवा.'

"फिलला सांगा," डिनी म्हणाला. "तिला फॉर्म भरायला आवडतात."

फिलला खरंच आवडत. तिने एक मोठा पांढरा कागद आणला, सगळ्यात वर 'मार्टिन टार्पी, १८३७ ते १९४१' असं सुबक अक्षरात लिहिलं, आणि बाकीच्यांच्या तारखा गोळा करायला ती एन्डाकडे गेली, कारण जुन्या खानेसुमारीची पानं आता संगणकावर दिसतात असं तिने ऐकलं होतं.

फिरत्या घरातल्या घडीच्या टेबलावर एन्डाने संगणक उघडला. ग्रॉन्या चुलीपाशी उभी राहून सूप ढवळत होती. तिथून टेबलापर्यंत अंतर एक हाताचं.

"हे बघ आत्या. १९०१. मार्टिन टार्पी, कुटुंबप्रमुख, शेतकरी, लिहितावाचता येत नाही, वय एकोणपन्नास."

"एकोणपन्नास कसं? चौसष्ट हवं. तेव्हा खानेसुमारी पोलीस करायचे. त्यांना कुठे आकडे यायचे?"

"बरं. हे १९११. मार्टिन टार्पी, वय चौऱ्याहत्तर."

"हे बरोबर."

"दहा वर्षांत पंचवीस वर्षांनी म्हातारे झाले?"

"असल्या घरात राहिले असतील," ग्रॉन्या सूप ढवळता ढवळता म्हणाली.

फिलने चष्मा पुसला आणि पान पुन्हा पाहिलं. खाली आजीचं नाव होतं. ऑनर टार्पी, १९०१ मध्ये चाळीस, १९११ मध्ये एकाहत्तर. ती तर नवऱ्यालाही मागे टाकून गेली होती. आणि त्याच पानावर, सगळ्यात खाली: लॉरेन्स, मुलगा, वय आठ. म्हणजे लॅरी, फिलचे वडील. फिलने बोटांवर मोजलं. मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं.

"म्हणजे आजीला त्रेसष्टाव्या वर्षी मूल झालं."

"बायबलातली सारा नव्वदीची होती," एन्डा म्हणाला.

"सारेकडे देवदूत आला होता. आपल्याकडे कोण आलं होतं?"

एन्डाने खाजगी दुखण्याबद्दल बोलावं तसा आवाज खाली आणला. "पेन्शन आली होती, आत्या. १९०९ साली. सत्तरीच्या वरच्यांना. आणि जुन्या माणसांच्या जन्माचे दाखले नव्हते, म्हणून साहेब विचारायचा, १८३९ सालचं मोठं वादळ आठवतं का? आठवतं म्हटलं की सत्तरी पुरी."

फिलला हे माहीत होतं. नोकरी लागली तेव्हाच्या शिकवणीत एका बुजुर्गाने ते सांगितलं होतं, आणि सगळे उमेदवार हसले होते. वादळाची गोष्टही तिला माहीत होती. गावात कुणाला नव्हती? वादळाने अर्ध्या क्लूनगाराची छपरं उडवली त्या रात्री दोन वर्षांचा मार्टिन टार्पी आणि दोन वर्षांचा बार्टली लोहन एकाच बटाट्याच्या टोपलीत, एकमेकांना धरून बसले होते. ही टोपली दोन्ही घराण्यांत सोन्यासारखी जपलेली होती. या दोन गोष्टी फिलने आजवर एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, इतकंच.

तिला नॅन्सी गॅव्हिगन आठवली, पावसात उभी.

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

"कुणाला सांगणार? गाईंना?"

तरी संगणकावरचं पान म्हणजे काही शपथेवरचा कागद नव्हे. पुढच्या मंगळवारी फिल चर्चच्या कचेरीत गेली. तिथे बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या लोखंडी कपाटात होत्या, आणि कपाटाची किल्ली अ‍ॅट्रॅक्टा लोहनकडे होती. अ‍ॅट्रॅक्टा आणि फिल पहिलीपासून एका बाकावर, आणि तेव्हापासूनच त्यांचं जमत नव्हतं. अ‍ॅट्रॅक्टाने पांढरे हातमोजे चढवले, वही टेबलावर ठेवली आणि फिलला लांब बसायला सांगितलं.

"अठराशे सदतीस ना? नाही सापडत."

"पुढे बघ," फिल हळूच म्हणाली.

"किती पुढे?"

"तू बघत जा."

अ‍ॅट्रॅक्टा पानं उलटत गेली. बऱ्याच वेळाने तिचं बोट थांबलं आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडलं. "मार्टिनस. थॉमस आणि ब्रिजिडाचा मुलगा. नऊ नोव्हेंबर अठराशे एक्कावन्न." तिने ते दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्याने. "म्हणजे तुझे आजोबा एकोणनव्वदला गेले. अगं, एकोणनव्वद काही वाईट नाही. माझी मावशी एकोणनव्वदला गेली, तिने काही दगडावर बढाई नाही मारली."

"पुढचं पान उलट."

"कशाला?"

"तुझे आजोबा कुठेत ते बघू. वादळाच्या वेळी दोघं एकाच टोपलीत होते ना? मग मार्टिनच्या जवळपासच सापडतील."

अ‍ॅट्रॅक्टाचे हातमोजे हवेत थांबले. बार्टली लोहनच्या दगडावर सत्त्याण्णव लिहिलेलं होतं, आणि तिने त्यावर दर नाताळला स्वतः हिरवा हार ठेवलेला होता. तिने पान उलटलं. मग अजून एक. एप्रिल १८५३ च्या पानावर, शाईच्या डागाखाली, बार्थोलोमियस लोहन, म्हणजे लॅटिनमधला बार्टली, स्वच्छ दिसत होता.

फिलने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"म्हणजे त्या रात्री टोपली रिकामीच होती," फिल म्हणाली.

"बटाटे असतील," अ‍ॅट्रॅक्टा म्हणाली. मग तिने वही मिटली, कपाटात ठेवली, किल्ली फिरवली आणि हातमोजे काढले. "ही किल्ली अधूनमधून हरवते. जूनमध्ये हमखास हरवते. चहा घेशील?"

साठ वर्षांत अ‍ॅट्रॅक्टाने तिला चहा विचारल्याचं फिलला आठवत नव्हतं. तिने घेतला.

आता राहिला होता मार्लीनचा दुसरा प्रश्न, डीलिया कुठल्या शेतात खेळली. त्यासाठी जमिनीच्या जुन्या नोंदी पाहायला हव्या होत्या, आणि त्या डब्लिनच्या कचेरीत होत्या. मार्चमध्ये फिलला सहासष्ट पूर्ण झाली आणि फुकट प्रवासाचा पास मिळाला. तो तिने पहिल्यांदा वापरला तो याच कामासाठी. सकाळच्या गाडीने ती गेली, एका तरुण कारकुनाने तिच्यापुढे दोन हातांत मावणार नाही एवढी वही आणून ठेवली, आणि फिलने क्लूनगाराचं पान काढलं.

शेतं सगळी होती. मोठं शेत, विहिरीचं शेत, दलदलीकडचा तुकडा. नावाच्या रकान्यात मार्टिन टार्पी लिहिलेलं होतं, आणि त्यावर तांबड्या शाईची सरळ रेघ मारून वर लिहिलं होतं: टॉमस टार्पी. समोर साल होतं १९०९.

फिलला समजायला क्षणभरही लागला नाही. जमीनवाल्याला पेन्शन कशी मिळेल? पेन्शनसाठी माणूस नुसता म्हातारा असून भागत नाही, गरीबही असावा लागतो. म्हणून मार्टिनने जमीन पोराच्या नावावर केली होती. नव्वदीपर्यंत नांगर न सोडणाऱ्या मार्टिन आजोबांनी सत्तावन्नाव्या वर्षी सगळं सोडलं होतं, पंचवीस वर्षांच्या टॉमकडे.

तिने त्या पानाची प्रत काढून घेतली. परतीच्या गाडीत समोरच्या बाईने बिस्किट पुढे केलं तेव्हा फिल खिडकीकडे तोंड करून एकटीच हसत होती. बाईने डबा मागे घेतला.

घरी येऊन मात्र तिला दोन आठवडे धीर झाला नाही. डिनीला सांगावं तर तो मोडेल. न सांगावं तर एन्डा त्या पत्र्यात म्हातारा होईल. शेवटी मे महिन्यात एका सकाळी ती प्रत कोटाच्या खिशात घालून रस्ता ओलांडून गेली. डिनी विहिरीच्या शेताच्या फाटकावर रेलून उभा होता. पलीकडे एन्डा तार ताणत होता, आणि डिनी त्याला तार कशी ताणायची ते सांगत होता.

"डिनी, मार्टिन आजोबा एकोणनव्वदला गेले."

"कुणाचे?"

"आपलेच. बाप्तिस्मा अठराशे एक्कावन्नला झालाय."

डिनीने विचार केला. "उशिरा झाला असेल."

"चौदा वर्षं उशिरा? पाद्र्याने त्याला उचलून कसा धरला?"

"पूर्वीचे पाद्री दणकट असत." पण त्याचा आवाज उतरला होता. "दगडावर कोरलंय, फिल."

"पेन्शन बंद झाल्यावर दगड कोरला. खरं वय कोरलं असतं तर सरकारने पैसे परत मागितले असते."

डिनी फाटकावरचा गंज नखाने खरवडत राहिला. "ठीक. एकोणनव्वद. पण माणूस शेवटपर्यंत कामाचा होता. नव्वदीपर्यंत..." तो थांबला, नव्वदीचं आता काही खरं नव्हतं.

फिलने प्रत पुढे केली. त्याने चष्मा नव्हता म्हणून कागद लांब धरला, मग जवळ धरला, मग तांबडी रेघ बोटाने चाचपली.

"सत्तावन्नाव्या वर्षी?"

"हो."

"टॉमकाका तेव्हा केवढा होता?"

"पंचवीस."

डिनीने शेतात पाहिलं. एन्डा गुडघ्यावर बसून तार आवळत होता, आणि वरून त्याच्या डोक्याला पडलेलं टक्कल इथूनही दिसत होतं.

"मग उरलेली बत्तीस वर्षं आजोबांनी केलं काय?"

"काही नाही. शेकोटीजवळ बसले. शुक्रवारी पोस्टात गेले."

"आणि तरी एकोणनव्वद."

"तरी नाही, डिनी," फिल म्हणाली. "म्हणून."

डिनीने कागदाची घडी केली, खिशात घातली आणि घराकडे गेला. एन्डाने मान वर करून विचारलं, "बाबांना काय झालं? तार सैल आहे का?"

"तार ठीक आहे," फिल म्हणाली.

चौथ्या दिवशी डिनीची बायको ब्रीडा फिलच्या दारात आली. ती आत न येता उंबऱ्यावरच बोलली. "काय सांगितलंस त्याला? खिशातून कुणी पंधरा वर्षं मारल्यासारखा हिंडतोय. काल आरशासमोर उभा होता. मला म्हणाला, ब्रीडा, मी म्हातारा दिसतो का? मी म्हटलं, हो. तर जेवला नाही."

"तू 'नाही' म्हणायचं होतंस."

"चव्वेचाळीस वर्षांत एकदा त्याने माझं मत विचारलं, फिल. मी ते वाया घालवू?"

जूनमध्ये ऑस्ट्रेलियावाले आले. मार्लीन पंच्याहत्तर वर्षांची, उन्हाने तांबूस झालेली, रोज सकाळी समुद्रात पोहणारी बाई निघाली. क्लूनगाराला समुद्र नसल्याने ती पहिल्याच सकाळी गावाबाहेरच्या तळ्यात उतरली आणि तिथल्या दोन कोळ्यांनी गळ गुंडाळून घरचा रस्ता धरला. रविवारी दुपारी गावच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. हॅमचे सँडविच, सफरचंदाचे टार्ट, आणि चहाच्या मोठ्या किटलीवर अ‍ॅट्रॅक्टा. भिंतीवर फिलची वंशावळ. तीत नव्वद नावं होती, सगळ्यांच्या तारखा चोख होत्या, आणि सगळ्यात वर मार्टिनच्या नावापुढे जन्मसाल असायला हवं तिथे फिलने 'सुमारे' एवढंच लिहून पुढे सुकलेल्या फुलांचा एक गुच्छ चिकटवला होता. तिच्या आयुष्यातला हा पहिला अपुरा फॉर्म.

फिलच्या बेताप्रमाणे डिनीने दोन वाक्यं बोलून सगळ्यांचं स्वागत करायचं होतं. डिनी उठला, नवा शर्ट, केस ओले करून बसवलेले. त्याने दोन वाक्यं बोलून सगळ्यांचं स्वागत केलं. मग तो खाली बसला नाही.

"आमचे आजोबा मार्टिन," तो म्हणाला, "एकशे चार वर्षं जगले असं आम्ही तुम्हाला सांगत आलो. ते खोटं आहे."

फिलने डोळे मिटले. हॉलमध्ये चमचे थांबले.

"ते एकोणनव्वद वर्षं जगले. पण सत्तावन्नाव्या वर्षी, तोंडात सगळे दात असताना, ते इंग्लंडच्या राजाच्या साहेबापुढे उभे राहिले आणि म्हणाले, मी बहात्तरचा. आणि साहेबाने ऐकलं. शंभर वर्षं काय, कुणीही जगतं. नुसतं मरायचं नाही, एवढंच त्याला लागतं. पण हे करायला डोकं लागतं."

मागच्या बाकांवर कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. डिनीला चेव आला.

"आणि त्यांचा साक्षीदार," तो म्हणाला, "शपथेवर टोपलीची गोष्ट सांगणारा, अवघ्या पंचावन्न वर्षांचा, बार्टली लोहन. देव त्याचं भलं करो."

सगळ्यांनी वळून किटलीकडे पाहिलं. अ‍ॅट्रॅक्टाने एका पाहुण्याच्या कपात, तो भरून बशीत आणि बशीतून त्याच्या पायावर वाहेपर्यंत, चहा ओतला. नंतर ती फिलजवळून जाताना ओठ न हलवता म्हणाली, "किल्ली हरवली होती ना?"

"माझ्या भावाला नाही सापडली. त्याला बहीण सापडली," फिल म्हणाली.

टाळ्या थांबल्यावर मार्लीन उठली. ती आता रागावणार, अकरा जणांचं विमानाचं भाडं आठवणार, असं फिलला वाटलं. पण मार्लीन म्हणाली, "आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" डिनीने विचारलं.

"वयाचं. अर्ज आमच्या आजीनेच लिहिला होता. घरात लिहिता येणारी तेव्हा डीलियाच होती. बाप सांगत होता आणि ती लिहीत होती. मनाला फार लागलं तिच्या. दुसऱ्या दिवशी जाऊन पाद्र्यापाशी कबुली दिली. पाद्र्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, माझ्या आईचाही अर्ज लिहून देशील का?"

हॉलचं छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. हसणं ओसरल्यावर फिल उभी राहिली. तिच्यातली पोस्टमास्तरीण गप्प बसू शकली नाही. "मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही दर नाताळच्या पत्रात एकशे चार लिहायचात," मार्लीन म्हणाली. "आम्हाला वाटलं, अजून काहीतरी चालू असेल. उगाच आमच्यामुळे बंद व्हायला नको."

पाहुणे गेले, वंशावळीचा कागद मार्लीन घेऊन गेली. जाण्याआधी तिने वरचा गुच्छ सोलून काढायला लावला आणि फिलने तिथे, तिच्यासमोर, १८५१ लिहिलं. अ‍ॅट्रॅक्टा सहा आठवडे फिलशी बोलली नाही. सातव्या आठवड्यात तिच्या कचेरीत लोकांची रांग लागली. क्लूनगारातल्या प्रत्येक घराला आता आपल्या आजोबांनी किती वर्षं मारली हे कळायला हवं होतं, आणि ज्यांच्या आजोबांची वयं खरी निघाली ते मान खाली घालून घरी जात. एवढं महत्त्व मिळाल्यावर राग धरणं अ‍ॅट्रॅक्टाला परवडेना.

मुरघास भरून झाला, गोऱ्हे विकून झाले, आणि ऑक्टोबरात एका गुरुवारी डिनी न्याहारी करता करता एन्डाला म्हणाला, "कोट घाल. वकिलाकडे जायचंय." एन्डाला वाटलं कुणी वारलं. वकिलाच्या कचेरीत डिनीने सगळी जमीन मुलाच्या नावावर केली, फक्त दलदलीकडचा तीन एकरांचा तुकडा स्वतःकडे ठेवला. कशासाठी, असं वकिलाने विचारलं.

"चिडायला," डिनी म्हणाला. "माणसाला चिडायला स्वतःची जागा हवी."

शेकोटीजवळ बसून राहणं मात्र बोलण्याइतकं सोपं नव्हतं. पहिले तीन आठवडे डिनी रोज फाटकावर उभा राहून सूचना देत होता. चौथ्या आठवड्यात एन्डाने कानाला लावायचं गाणी ऐकायचं यंत्र आणलं. मग डिनी रोज अकराला फिलच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागला, आणि काय करायचं म्हणून त्याने ब्रीडाच्या माहेरची वंशावळ काढायला घेतली. नाताळच्या आत त्याला तिच्या घरात एक मेंढीचोर सापडला. त्याने तो जेवणाच्या टेबलावर जाहीर केला. पुढचे नऊ दिवस त्याला बटाटे थंड मिळाले, पण तो म्हणाला, सत्यासाठी किंमत द्यावी लागते.

घर बांधायची परवानगी मार्चमध्ये आली. रस्त्याच्या बाजूला, चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी, एन्डाने चुन्याने घराची आखणी केली. चूल टेबलापासून चार हात लांब असेल असं ग्रॉन्याने स्वतः पावलांनी मोजून घेतलं. खोदाईचं यंत्र घेऊन माणूस आला तेव्हा सगळे जमले होते, डिनी सगळ्यांत पुढे, काठी टेकून.

यंत्रवाल्याने खिडकीतून डोकं काढलं. "इथला मालक कोण?"

एन्डाने चुन्याच्या रेघेकडे पाहिलं. फिलने भावाकडे पाहिलं.

डिनीने एन्डाकडे काठी रोखली. "तो," तो म्हणाला. "पण मला विचारलंस तर उत्तर लवकर मिळेल."

"इथून खण," एन्डा म्हणाला.

यंत्र धडधडत पुढे सरकलं, आणि ब्रीडा सगळ्यांसाठी चहा ठेवायला आत गेली.